वडील ६८ वर्षांचे आहेत, लघवी अडखळत होते, रात्री चार-पाचदा उठतात. वयामुळेच ना?

नुसतं वय हे कारण नाही. या वयात बहुतेक वेळा प्रोस्टेट वाढलेली असते. ही ग्रंथी मूत्रमार्गाभोवतीच असल्याने ती फुगली की मार्ग आवळला जातो. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, जोर करावा लागतो, जाऊन आलं तरी लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. मुतखडा किंवा मूत्रमार्ग आक्रसणं हीही कारणं असू शकतात.

मला जास्त काळजी वाटते ती न दुखणाऱ्या अडथळ्याची. मूत्राशय तुडुंब भरून थेंब थेंब गळत राहतं, घरच्यांना वाटतं ‘लघवी तर होतेय’, आणि मागे किडन्यांवर दाब वाढत जातो. म्हणून सोनोग्राफी करताना लघवी करून आल्यावर किती उरते तेही मोजून घ्या. सोबत क्रिएटिनिन (किडन्या नीट चालतात का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी.

उपचार बहुधा टॅमसुलोसिनसारख्या गोळीने सुरू होतो. ती घेतल्यावर झटकन उठलं तर चक्कर येऊ शकते, हे वडिलांना आवर्जून सांगा. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन करतात.

सर्दीच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका. त्यातल्या काही औषधांनी लघवी एकदम तुंबते. तशी तुंबली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा. तुंबलेली लघवी नळी घालून लगेच मोकळी करता येते.