सकाळी ८२, दुपारी ९९ : नायट्रोजन जातो कुठे?

प्रश्न : नमस्कार सर, मी रबाळे एमआयडीसीत मोल्डिंग युनिटमध्ये मेंटेनन्सला आहे. आमच्या एका मशीनवर ब्लॅडरवाला अ‍ॅक्युम्युलेटर आहे (दाबाखालचं तेल साठवणारी टाकी, आत नायट्रोजन भरलेला रबरी फुगा म्हणजे ब्लॅडर), प्रीचार्ज, म्हणजे तेलाचं प्रेशर नसताना ब्लॅडरमधल्या नायट्रोजनचं प्रेशर, ९० बार ठेवायचा असं शीटवर लिहिलंय. सकाळी ९० भरला, दुपारी चेक केला तर ९९, म्हणून जास्तीचा ९ सोडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ८२! परत भरला, परत तेच. ब्लॅडर लीक आहे का? आता नायट्रोजनची बाटली संपत आलीय आणि शेजारचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो माझी ऑक्सिजनची घेऊन जा, प्रेशर ते प्रेशरच. चालेल का?

उत्तर : आधी त्या बाटलीचं बोलतो, बाकीचं नंतर. हात जोडून सांगतो, ऑक्सिजन अजिबात नाही. ब्लॅडरच्या पलीकडे तेल आहे, एवढ्या प्रेशरचा ऑक्सिजन तेलाला लागला की ठिणगीचीही गरज पडत नाही, स्फोट होतो आणि समोर उभा असलेला माणूस जातो. कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतोच आणि वर ओलावा. फक्त ड्राय नायट्रोजन. आपल्याकडे नायट्रोजनची बाटली राखाडी, मान काळी, आणि ऑक्सिजनची काळी, तरी नुसत्या रंगावर जाऊ नका, लेबल वाचा.

आता तुमचा ९९. ब्लॅडर चांगला आहे हो, तुम्ही गेले काही दिवस तापमानाच्या मागे धावताय. सकाळी गॅस समजा २५ डिग्रीला होता, दुपारपर्यंत तेलाने तापून ५५ झाला. दोन्हीत २७३ मिळवा, २९८ आणि ३२८. ९० ला ३२८ ने गुणून २९८ ने भागा, बरोबर ९९ येतात. म्हणजे गॅस तेवढाच होता, नुसता तापला होता, आणि त्यातला तुम्ही सोडून दिला म्हणून गार झाल्यावर ८२ उरले. बाटली त्यातच संपली. म्हणून चेक करायचा तो सकाळी मशीन चालू करायच्या आधी, आणि रजिस्टरला बारच्या शेजारी डिग्रीही लिहायची.

चेक करताना पंप बंद, मेन स्विचला कुलूप, मग ड्रेन व्हॉल्व्ह उघडून तेलाचं प्रेशर पूर्ण शून्यावर आणा. हे राहिलं तर तुम्ही प्रीचार्ज नाही, सिस्टिमचं प्रेशर वाचत बसता, आणि बरेच जण इथेच फसतात. चार्जिंग किट (गॅस भरायचं-मोजायचं गेजवालं जोडणं) लावताना वरचा टी-हँडल आधी उलटा फिरवून पिन मागे घ्या, किटचा ब्लीड (गॅस सोडायचा छोटा व्हॉल्व्ह) बंद करा, नट बसला की मग हळूच पिन दाबा. काढताना आधी पिन मागे, मग ब्लीडमधून अडकलेला गॅस सोडा, मग नट. बाटलीला रेग्युलेटर हवाच, भरलेली बाटली १५० बारच्या आसपास असते.

भरताना घाई नको. तुर्भ्याला एका कारखान्यात नवा ब्लॅडर पहिल्याच दिवशी गेला म्हणून बोलावलं होतं, खोलून बघितला तर तळाला पॉपेटचा (खालच्या तेलाच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह) गोल ठसा आणि त्याच गोलावर रबर कापलेलं, बाटलीचा कॉक एकदम उघडल्यामुळे ब्लॅडर फुगून खाली गेला आणि पॉपेटखाली चेपला. म्हणून सुरुवातीचे २-३ बार अगदी सावकाश सोडा, ब्लॅडर उलगडू दे, मग वाढवा, आणि भरून झाल्यावर १०-१५ मिनिटं थांबून परत वाचा कारण भरतानाही गॅसचं तापमान बदलतं. शेवटी व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बघा.

किट हाताशी नसेल तर एक जुनी पद्धत आहे, मशीन चालवून अ‍ॅक्युम्युलेटर तेलाने भरू द्या, पंप बंद करा आणि ड्रेन अगदी थोडा उघडून सिस्टिमच्या गेजकडे बघत राहा. काटा हळूहळू उतरतो आणि एका आकड्यावरून एकदम शून्यावर पडतो, तो आकडा म्हणजे तुमचा प्रीचार्ज. मशीन गरम असेल तर वरचा हिशोब इथेही लावायचा.

आणि कधी किटच्या ब्लीडमधून गॅसबरोबर तेल आलं, तर तेव्हा मात्र ब्लॅडर फाटलाय, भरत बसू नका, बदलायला काढा.