शिक्षण जास्त म्हणून नकार येत असेल, तरीही पदवी लपवू नका

रसायनशास्त्रात एम.एस्सी. असूनही गोव्यातील वेर्णा आणि कुंडई येथील औषध कंपन्या बी.एस्सी.च्या जागांसाठी ‘तुमचे शिक्षण जास्त आहे’ असे सांगून तुम्हाला परत पाठवतात, आणि म्हणून एम.एस्सी.चा उल्लेख बायोडाटातून काढावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः या अवस्थेतून गेलो असल्यामुळे स्पष्टच सांगतो: काढू नका.

माझ्या बाबतीत हा उद्योग मला न विचारताच झाला. नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका खाजगी कार्यालयाने माझी एम.एस्सी. आणि आधीची एक नोकरी परस्पर गाळून बायोडाटा कंपनीकडे पाठवला. मुलाखत उत्तम झाली, निवडीचे पत्रही मिळाले. परंतु रुजू होताना भविष्य निर्वाह निधीच्या अकरा क्रमांकाच्या फॉर्ममध्ये आधीच्या नोकरीचा यूएएन (निधीच्या खात्याचा कायमचा क्रमांक) लिहावा लागला आणि तेथेच विसंगती उघड झाली. पत्र मागे घेण्यात आले. त्या कार्यालयाने ‘माहितीची जबाबदारी उमेदवाराची’ एवढे सांगून हात झटकले, आणि ज्यांच्या चुकीमुळे माझ्यावर खोटेपणाचा शिक्का बसला, त्यांनी कंपनीला खुलाशाचे दोन शब्दसुद्धा लिहिले नाहीत. गोव्यात औद्योगिक वसाहतींचे वर्तुळ लहान आहे, येथे असा शिक्का लवकर पुसला जात नाही. म्हणून मध्यस्थामार्फत अर्ज करणार असाल, तर प्रत्यक्ष पाठवलेल्या बायोडाटाची प्रत ईमेलवर मागून घ्याच.

सरकारी किंवा बँकेच्या नोकरीत तर लपवाछपवी अधिकच महागात पडते. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाईपदासाठी उमेदवार पदवीधर नसावा, अशी जाहिरातीतच अट होती; पदवी लपवून निवडल्या गेलेल्या उमेदवाराच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये निकाल दिला. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या जाहिरातीतील पात्रतेच्या अटी तुम्ही स्वतः बारकाईने वाचाव्यात.

माझ्या मते कंपन्यांना पदवीचे वावडे नसते, त्यांना तुम्ही सोडून जाल याची भीती असते. आपल्याकडे सरकारी भरतीची जाहिरात निघाली की प्रयोगशाळेतील शिकून तयार झालेली माणसे निघून जातात, हे त्यांनी पाहिलेले असते. एचपीएलसी (औषधातील घटक वेगळे करून मोजणारे उपकरण) आणि नोंदींची शिस्त शिकवण्यात त्यांचे महिने गेलेले असतात. तेव्हा या भीतीला त्यांनी विचारण्यापूर्वीच अर्जात उत्तर द्या. प्रत्यक्ष हाताळलेली उपकरणे वर घ्या, एम.एस्सी. शिक्षणाच्या रकान्यात एका ओळीत राहू द्या, आणि हीच जागा का हवी, रात्रपाळी चालेल का, जाहिरातीतला पगार मान्य आहे का, हे साध्या वाक्यांत लिहा. मात्र सरकारी परीक्षांचे अर्ज भरत असाल, तर ‘कधीच सोडणार नाही’ असे वचन देऊ नका. किती काळ निश्चित थांबाल, तेवढेच सांगा. तुम्ही थांबाल याची हमी म्हणून कोणी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ लागले, तर ती तपासणीपुरती दाखवून परत घ्या आणि साक्षांकित प्रती द्या.