गाडी आधी की सीपॅप?

तुमचं पत्र थोडक्यात असं: वय 46, स्लीप स्टडीत (झोपेच्या तपासणीत) स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला, एएचआय 38, डॉक्टरांनी सीपॅप मशीन (मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं) सांगितलंय. हाताशी आहेत ते पैसे नव्या गाडीसाठी साठवलेले. म्हणून मशीन वर्षभर लांबवून आधी वजन उतरवावं, नाहीतर कुणाचं वापरलेलं स्वस्तात घ्यावं, असं तुमच्या मनात आहे. जाता जाता हेही लिहिलंत की सिग्नलला थांबलं की डोळा लागतो. मी तिथेच अडखळलो.

एएचआय 38 म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी 38 वेळा श्वास थांबतो किंवा अपुरा पडतो. 30 पासून पुढे आजार तीव्र धरतात. वजनाचा हिशेब करू. विस्कॉन्सिनमधल्या 2000 सालच्या एका अभ्यासात 10 टक्के वजन घटलं की एएचआय साधारण पाव हिश्शाने उतरतो असं दिसलं. तुमचे 38 मग 28 होतील, म्हणजे आजार उतरेल, पण जाणार नाही. वजन जरूर उतरवा, पण मशीन लावून.

तरीही उद्याच रोख मोजून मशीन घरी आणू नका. मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, आणि बरेच जण महिन्याभरात ते कपाटात टाकतात. आधी दोन महिने भाड्याने घ्या. रोज किती तास वापरलं याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं. 70 टक्के रात्री किमान 4 तास, हा रूढ निकष. तो जमला तर विकत घ्या. किमतीला महिन्याच्या भाड्याने भागलं की किती महिन्यांत खरेदी परवडते ते कळेल. भरलेलं भाडं किमतीतून वजा होतं का, हे लेखी विचारा. मास्कची उशी, फिल्टर, नळी हा दरवर्षीचा खर्च वेगळा धरा. तो सगळे विसरतात.

वापरलेलं मशीन मी तरी घेणार नाही. 2021 मध्ये आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून लाखो मशीन परत मागवावी लागली होती. त्यातलंच एखादं तुमच्या गळ्यात पडायचं.

आरोग्य विम्यात घरी वापरायची उपकरणं बसतात का, ते पॉलिसीत वाचा. नवा टर्म विमा घेताना हे निदान लपवू नका, उद्या क्लेम अडकेल तो घरच्यांचा.

भाडं गाडीच्या पैशातून द्या, अडीअडचणीच्या शिलकीला हात नको. आणि दिवसाची पेंग जाईपर्यंत आहे ती गाडीही दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.