शहाणं कुत्रं अचानक घरात शू करतंय?

ताई, आधी एक करा: ओरडणं थांबवा. तीन वर्षं बाहेर जाणारा पॉमेरियन एकाएकी सोफ्यापाशी शू करतो, तो तुमच्यावर रुसून नाही. नाक घासून शिक्षा केली की तो फक्त लपून करायला शिकतो. ही चूक मीही केली आहे.

पहिलं काम डॉक्टर. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडा, मधुमेह, किडनी, कधी चालू असलेलं स्टेरॉइड, यातलं काहीही असू शकतं. सकाळची ताजी लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन जा. थेंबथेंब होतेय, रक्त दिसतंय किंवा कुंथूनही येत नाहीये, तर उद्यावर टाकू नका. विशेषतः नर असेल तर त्याच दिवशी.

तब्येत ठीक निघाली तर मग घरात बघा. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. दुपारी अंगणातली फरशी तव्यासारखी तापते, इवलेसे पाय तिथे टेकतील कसे? पहाटे आणि ऊन उतरल्यावर न्या, मधे सावलीतल्या मातीवर. नवा पाहुणा, बदललेली ड्यूटी, फटाके, हेही आठवून पाहा.

आणखी दोन चुका:
- शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं. या उन्हात तर मुळीच नको.
- फिनाईलने पुसणं. शूचा वास त्याला कळतोच, वर पाय चाटून फिनाईल पोटात जातं. एन्झाइमवालं, म्हणजे शूचा वास मोडणारं क्लीनर घ्या.

आठवडाभर वेळ आणि जागा वहीत लिहा. डायपर, पिंजरा वगैरे नंतर बघू.