जाड दोरी घेऊ नका, गाठ बदला

कोथरूडच्या गच्चीवरची ताडपत्री वळवाच्या प्रत्येक वाऱ्यात कोपऱ्यातून फाटते, म्हणून आणखी जाड दोरी घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. आमचंही अगदी हेच दुखणं होतं.

जीएसएम (म्हणजे ताडपत्रीच्या एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), माप, उतार हे तुम्ही पाहिलंच असेल. आमचा घात केला तो बांधणाऱ्यांनी. सोसायटीने कंत्राट दिलं, माणसं आली, ताडपत्रीच्या कडेच्या प्रत्येक रिंगेत नायलॉनची दोरी ओवून करकचून निरगाठ मारली आणि निघून गेली. नायलॉन भिजलं की ताणतं. ताडपत्री सैल पडली, मधोमध पाणी साचलं. एका चौरस मीटरवर 10 सेंमी पाणी म्हणजे 100 किलो वजन! ते पेलायचं कुणी, तर त्या एवढ्याशा रिंगांनी. वेळीच ताण देता आला असता, पण ओली निरगाठ सुटता सुटेना. शेवटी सुरीने दोऱ्या कापल्या. तक्रार घेऊन गेलो तर सोसायटीच्या ऑफिसातून उत्तर, 'लेखी अर्ज द्या, मीटिंगमध्ये ठेवू.' पावसाळा सरला तरी कुणी फिरकलं नाही. अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून माझं ठाम मत: एक टोक पक्कं, दुसरं कधीही आवळता येईल असं. ताडपत्रीकडे बोलाइन मारा, म्हणजे ताण आला तरी न आवळणारं कडं करणारी गाठ. रेलिंगकडे ट्रकवाले माल आवळताना मारतात ती गाठ. दोरीच्या मध्यावर एक फास पाडा, मोकळं टोक रेलिंगमागून फिरवून त्या फासातून ओवा आणि परत रेलिंगकडे खेचा. कप्पीसारखा जोर मिळतो. ताण धरून ठेवत, फासातून दोरी वळते ती जागा चिमटीत दाबा आणि फासाखाली दोन अर्ध्या गाठी (दोरीभोवती वेढा देऊन टोक त्याच वेढ्यातून काढायचं) घ्या, शेवटची सुरगाठ, म्हणजे भर पावसातही एका ओढीत सुटेल. फास मात्र मोकळ्या टोकाकडच्या दोरीचा काढायचा. ताडपत्रीकडच्या दोरीचा काढलात तर ताण येताच तो आक्रसून नाहीसा होतो. इथेच बहुतेकांचं चुकतं.

कोपऱ्याची रिंग उपटली असेल तर ताडपत्री टाकू नका. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा आतून ठेवा, कापड त्याच्याभोवती गोळा करा आणि गोट्याच्या मानेला दोरीचे दोन वेढे देऊन गाठ मारा. माझ्या मते रिंगेपेक्षा हे जास्त टिकतं, कारण ताण एका भोकावर न येता कापडभर पसरतो.

मी इंजिनिअर नाही, हा घरगुती गच्चीपुरता अनुभव आहे. मोठा मांडव असेल तर जाणकाराला दाखवा. वेधशाळेने वादळी वाऱ्याचा इशारा दिला तर कुठल्याही गाठीवर विसंबू नका, ताडपत्री सरळ उतरवा.

दोरी पुण्याच्या बोहरी आळीतल्या बाजारात पॉलिएस्टरची मागा, ती भिजून फारशी ताणत नाही. स्वस्तातली प्लॅस्टिकची उन्हाने कडकडीत होऊन तुटते, शिवाय गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. आणि दोरीवरून ओघळणारं पाणी खाली गॅलरीत येत असेल, तर रेलिंगच्या अलीकडे दोरीला सुती नाडीचा तुकडा बांधून लोंबता सोडा. पाणी तिथेच गळून जातं.