हॉटेलच्या सुऱ्यांना कुठली मूठ टिकते? प्लास्टिक, पीओएम, मायकार्टा की जी-१०?

तुम्ही विचारलंय की हॉटेलच्या किचनमधल्या सुऱ्यांच्या लाकडी मुठी कुजतात म्हणून प्लास्टिकच्या आणल्या तर त्याही वर्षभरात हलायला लागल्या, मग आता मायकार्टा नाहीतर जी-१० या कापड आणि रेझिन दाबून बनवलेल्या कडक शीटवर पैसे घालावेत का. मी हॉटेलवाले, केटरर आणि मटणाच्या दुकानांच्या सुऱ्यांना धार लावून देतो, मुठीही बदलून देतो, त्यामुळे माझ्या हाताखालून जे जातं त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी, मूठ झिजून संपली असं जवळपास कधीच होत नाही. मटेरियल शाबूत असतं, गेलेला असतो तो पातं आणि मूठ यांच्यातला सांधा. मटणाच्या दुकानातली एखादी जुनी सुरी घ्या आणि मुठीवरून पात्याच्या शेपटाकडे, म्हणजे मुठीत जाणाऱ्या स्टीलकडे, आडवं नख फिरवा. नख अडकलं की तिथे फट आहे समजा. रिव्हेट काढून असली मूठ उघडली की आत तपकिरी गंज, त्यात मुरलेली चरबी आणि असा वास येतो की बाजूला ठेवावीशी वाटते. वरून मात्र मूठ एकदम चकचकीत. म्हणून कुठलं मटेरियल टिकतं यापेक्षा कुठलं मटेरियल स्टीलला धरून राहतं हे बघायला पाहिजे.

आता फट पडते कशामुळे? मुख्य कारण गरम पाणी. १२ सेंटीमीटरची मूठ धरा, ३० अंशावरून ८० अंशाच्या पाण्यात टाकली. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपलं पीपी, मोकळं असेल तर अर्ध्या मिलीमीटरच्याही वर वाढतं, आणि आतलं स्टील वाढतं फक्त ०.०६ ते ०.०७ मिलीमीटर. दिवसातून चार वेळा गरम टबात आणि लगेच गार नळाखाली असं चालू राहिलं की दोघं एकमेकांना सोडणारच. पीओएम, म्हणजे काळ्या जर्मन स्टाइलच्या मुठींचं कडक प्लास्टिक, त्याचंही साधारण तसंच आहे. जी-१० मात्र काचेचं कापड आणि इपॉक्सी दाबून बनवलेलं असतं, त्याचं वाढणं स्टीलच्या खूप जवळ जातं, म्हणून नीट चिकटवलेली जी-१० ची मूठ उष्णतेने सुटत नाही. त्याची खरी किंमत इथे आहे, बाकी जाहिरातीत सांगतात तो कणखरपणा किचनमध्ये कुणाला लागत नाही.

तरीही सगळ्या सुऱ्यांना जी-१० घ्या असं मी म्हणणार नाही. भाजी आणि मासे कापायच्या ज्या रोजच्या सुऱ्या आहेत त्यांना पात्यावरच ओतलेली पीपीची किंवा नायलॉनची मूठच बरी, कारण त्यात जोड नाही, रिव्हेट नाही, घाण बसायला जागा कमी, आणि अशी सुरी स्वस्तात मिळते म्हणून धार लावून लावून पातं बारीक झालं की ती काढून टाकताना जीव हळहळत नाही. शिवाय रंगावरून कच्चं मांस, मासे, भाजी वेगळं ठेवता येतं. फक्त तीन गोष्टी सांभाळा. उकळतं पाणी नको. उन्हात वाळत घालणं नको, कारण साधं पीपी उन्हाने गच्चीवरच्या जुन्या खुर्चीसारखं पांढरं पडतं आणि मग कडा तुटतात. आणि डीप फ्रीजरमधल्या कडक चिकनवर ही सुरी हाणायची नाही, साधं पीपी शून्य अंशाच्या आसपासच ठिसूळ व्हायला लागतं. नायलॉन पाणी पितं म्हणून लोक त्याला नावं ठेवतात, पण पाणी प्यायल्यावर ते उलट चिवट होतं, माप थोडं बदलतं इतकंच.

पीओएम म्हणजे तीन रिव्हेटवाली काळी गुळगुळीत जर्मन स्टाइलची मूठ. हाताला छान लागते, पाणी जवळजवळ पीत नाही, पडली तरी सहसा फुटत नाही. पण तिचा शत्रू आहे क्लोरीन. अमेरिकेत घरातल्या पाण्याच्या लाइनला ॲसिटलचे (म्हणजे हेच पीओएम) जोड वापरले होते, ते क्लोरीनच्या पाण्याने तडकले आणि प्रकरण कोर्टात गेलं. तुमच्याकडे रात्री सुऱ्या ब्लीचच्या पाण्यात भिजत टाकायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा, त्याने स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. साबण, कोमट पाणी, पुसून कोरडं, बास.

रबरासारखी मऊ ग्रिप असते ती मी तेलातुपाच्या कामाला सुचवत नाही. चांगल्या कंपन्यांच्या कडक, दाणेदार मुठी वेगळ्या, त्या चालतात. पण बाजारातल्या मऊ ग्रिप चरबी शोषून फुगतात आणि काही दिवसांनी हाताला चिकट लागायला लागतात, मग कितीही घासा, तो चिकटपणा जात नाही.

आता माझं आवडतं, मायकार्टा. कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून दाबलेले, वेस्टिंगहाउस कंपनीने १९१० च्या आसपास विजेच्या इन्सुलेशनसाठी काढलेलं मटेरियल. कुकरच्या दांड्याचं बेकेलाइट याच जातीचं, म्हणून ते वितळत नाही, फार तर करपतं. मायकार्टा या नावाने शीट घ्यायला गेलात तर बाहेरून मागवावी लागेल आणि महाग पडेल, पण इलेक्ट्रिकल इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्या दुकानात 'फॅब्रिक हायलम' मागा. काम तेच करतं. कागदाचं हायलम घेऊ नका, ते पाण्याने कडांना फुगतं. फॅब्रिकवालं कापून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं की कापडाची वीण वर दिसते, कार्बोलिकसारखा वास येतो, आणि ही मूठ ओली झाली की जास्तच धरते. मटणाचा सत्तूर किंवा कोंबडी तोडायचा चॉपर असेल, जिथे रक्ता-चरबीत हात घसरला तर बोट जातं, तिथे मी दुसरं काही लावतच नाही. जी-१० पॉलिश केलेलं असेल तर चरबीत घसरतं, त्यामुळे घ्यायचंच तर खरखरीत फिनिशचं घ्या, आणि कापताना-घासताना तोंडाला चांगला मास्क लावून पाण्यातच घासा, त्यात काचेची धूळ असते, ती फुप्फुसाला वाईट.

म्हणजे तुमच्यासाठी हिशोब असा, रोजच्या सुऱ्या ओतलेल्या मुठीच्याच ठेवा आणि गरम टबाची सवय मोडा, पैसे घालायचे ते फक्त दोन-तीन मोठ्या सत्तूर-चॉपरवर, ज्यांचं पातं अजून वर्षानुवर्षं चालणार आहे. मूठ बदलून घेताना कारागिराला सांगा की स्टीलचं शेपूट एमरीने घासून, थिनरने पुसूनच ॲरल्डाइट लावायचं. पाच मिनिटांत धरणारं नको, सावकाश सुकणारं लावायचं, पाणी आणि उष्णता तेच जास्त सोसतं. क्लॅम्प फार करकचून आवळला तर सगळं ॲरल्डाइट बाहेर येतं आणि आत कोरडं राहतं, तेही बघा. रिव्हेट आरपार पाहिजेत. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असली तरी २४ तास ती सुरी पाण्याला लावू देऊ नका.