नववीच्या विद्यार्थ्यांना अँड्र्यू जॅक्सन आणि त्याचा काळ कसा शिकवावा?

अमेरिकेचा सातवा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन (कारकीर्द १८२९ ते १८३७) हा मुलांपुढे सामान्य माणसाचा नेता म्हणून मांडावा की चेरोकी या मूळ अमेरिकन लोकांना देशोधडीला लावणारा म्हणून, आणि दोन तासिकांत हे कसे बसवावे, असे तुम्ही विचारले आहे. मी जॉर्जिया राज्यात आठवीला सामाजिक शास्त्रे शिकवते. सुरुवातीची काही वर्षे मी पहिली तासिका मतदारांची आणि दुसरी चेरोकींची अशी वाटणी करत असे, आणि मुले उत्तरपत्रिकेत जणू दोन वेगळ्या माणसांविषयी लिहीत. ही वाटणी करू नका, एवढे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात मताधिकारापासून करा. १८२४ ते १८२८ या चार वर्षांत अध्यक्षपदासाठी झालेले मतदान जवळपास तिप्पट झाले, कारण अनेक राज्यांनी मालमत्तेची अट सैल केली होती आणि अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी थेट मतदानाने निवडण्याची पद्धत रूढ झाली होती. मात्र न्यूयॉर्कच्या १८२१ च्या राज्यघटनेने गोऱ्या पुरुषांसाठी ही अट जवळजवळ काढून टाकताना काळ्या पुरुषांसाठी ती वाढवून २५० डॉलर केली. ही दोन्ही कलमे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि काही वेळ काहीच बोलू नका.

मग जमिनीकडे या. १८३२ मध्ये जॉर्जियाने चेरोकींच्या मुलखाची सोडत काढली, आणि तीही चेरोकी तिथे राहत असतानाच. एका पिंपातून नावाची चिठ्ठी, दुसऱ्यातून जमिनीच्या तुकड्याची. साधा तुकडा १६० एकरांचा, सोन्याच्या पट्ट्यातला ४० एकरांचा. ज्या सामान्य गोऱ्या माणसाचे मत आता मोजले जात होते, तोच या सोडतीत नाव नोंदवत होता, हे मुलांच्या लक्षात आले की जॅक्सनच्या दोन बाजू आपोआप एका सूत्रात येतात. (या प्रसंगाचा किंवा हकालपट्टीचा वर्गात नाट्यप्रयोग मात्र करू नये, त्यात दुःखाचा खेळ होतो.)

ज्यांची जमीन गेली ते लोक कोण होते, हे दाखवायला न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीत छापले जाणारे 'चेरोकी फिनिक्स' हे वृत्तपत्र सर्वांत उपयोगी पडते. त्याचा पहिला अंक २१ फेब्रुवारी १८२८ चा. इंग्रजी आणि चेरोकी मजकूर एकाच पानावर, आणि चेरोकी लिपी सेक्वोया याने तयार केलेली, ज्याला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हते. मराठी मुलांना ही लिपी अमेरिकन मुलांपेक्षा लवकर उमगेल, कारण तिच्यातले बहुतेक प्रत्येक चिन्ह 'क', 'कि', 'कु' यांसारखा पूर्ण उच्चार दाखवते. फरक इतकाच की काना-मात्रा नाहीत, प्रत्येक उच्चाराचे चिन्ह स्वतंत्र आहे. पानाची प्रत मिळवून चिन्हे शोधायला दिली, तर 'रानटी जमात' हा शब्द वर्गात पुन्हा कोणी वापरत नाही, असा माझा अनुभव आहे.

मूळ अमेरिकन लोकांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याचा १८३० चा कायदा शिकवताना अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहातील मतांचे आकडे अवश्य द्या: बाजूने १०२, विरोधात ९७. तिघांनी मत फिरवले असते तर निकाल उलटला असता. जॅक्सनच्याच टेनेसी राज्याचा प्रतिनिधी डेव्ही क्रॉकेट याने विरोधात मत दिले. 'त्या काळी सगळेच तसा विचार करत' हे विधान या आकड्यांपुढे टिकत नाही.

दोन चुका टाळा. सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८३२ मध्ये चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, त्यावर 'मार्शल यांनी निकाल दिला, आता त्यांनीच तो अमलात आणावा' अशा अर्थाचे जॅक्सनच्या तोंडी घातले जाणारे वाक्य त्याच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी, १८६४ मध्ये छापून आले. ते त्याचे म्हणून शिकवू नये. दुसरे, चेरोकींची मुख्य हकालपट्टी १८३८-३९ मध्ये, व्हॅन ब्यूरन अध्यक्ष असताना झाली. सुमारे १६,००० लोकांपैकी अंदाजे ४,००० दगावले. धोरण जॅक्सनचे, अंमल त्याच्या वारसदाराचा, हा क्रम मुलांना नीट सांगावा लागतो.

शेवटची दहा मिनिटे मी 'चेरोकी फिनिक्स'चा संपादक इलायस बूडिनॉट याच्यासाठी राखून ठेवते. त्याने आधी स्थलांतराला कसून विरोध केला आणि डिसेंबर १८३५ मध्ये, प्रमुख जॉन रॉस यांची संमती नसताना, जमीन सोडण्याच्या करारावर सही केली. जून १८३९ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याला ठार मारले. त्याने सही का केली असावी, याचे उत्तर मी मुलांना घरून लिहून आणायला सांगते, आणि त्याला गुण देत नाही.